वाचक विचारतात : शाळूच्या दाण्यातील पाखरू

या वेळच्या टपालात साठवणीच्या धान्यातील बारीक पाखरांबद्दल पाच पत्रे आली. पैकी दोन सातारा जिल्ह्यातील आणि तीन सांगली जिल्ह्यातील आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला उपयोगी पडेल असे वाटल्याने हे सदर या अंकात याच विषयाला दिले असून इतर प्रश्न पुढील अंकात घेऊ.

प्रश्न : सा. न. वि. वि. आमच्याकडे यंदा मालदांडी शाळू चांगला उतरला. फाल्गुनात मळणी केली, ज्वारी चार दिवस अंगणात वाळवली, नव्या कोऱ्या पोत्यांत भरली आणि प्रत्येक पोत्यात कडुनिंबाचा पाला घातला. मृगाच्या सुमारास पहिल्या पोत्याचे तोंड सोडले तर पिवळट, भुरकट, बारीक पाखरे भर्रकन उडाली. पोती नवी, खोली बंद, कोपऱ्यात जुन्या मक्याची कणसे तेवढी टांगलेली, मग ही पाखरे शिरली कोठून? माझ्या सासूबाई म्हणतात, ज्वारी आपोआप पाखरे धरते. याला काही आधार आहे काय? सोबत पुडीत मूठभर ज्वारी पाठवत आहे. हे पाखरू कोठकोठे आढळते, तेही कळवावे. (एक गृहिणी, खटाव तालुका, जि. सातारा)

उत्तर : आपल्या सासूबाईंनी जे पाहिले ते बरोबर आहे. बंद पोत्यात बाहेरून काहीही शिरलेले नाही, पाखरे ज्वारीतूनच निघाली आहेत. मात्र ती आपोआप निघाली नाहीत. आपण पोत्यांची तोंडे शिवलीत तेव्हा त्यांच्या आधीच्या पिढ्या अंड्यांच्या किंवा अळ्यांच्या रूपाने धान्यात होत्या, आणि त्यांतील काही तर कणीस ताटावर उभे असतानाच तेथे आलेल्या होत्या.

आपली पुडी आमच्या हाती पडेपर्यंत तिच्यातच तीन पाखरे निघून मेली होती. दाणे पांढऱ्या कागदावर पसरून हातभिंगाखाली पाहिले. बहुतेक दाणे वरून अभंग आणि टपोरे होते, परंतु काहींच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढा, कंपासने आखल्यासारखा वाटोळा आणि जरा फिकट असा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे भोक नव्हे. दाणा आतून खात आलेली अळी कोषात जाण्यापूर्वी एका जागी थेट सालीपर्यंत पोचते आणि सालीचा पातळ पापुद्रा तेवढा शाबूत ठेवते. सुईचे टोक लावताच तो पापुद्रा डबीच्या झाकणासारखा उचलला गेला आणि आत, डोके त्या झरोक्याकडे करून, दाण्याच्या पोकळीत नेमका मावलेला तांबूस तपकिरी कोष दिसला. शेजारच्या दाण्याचे झाकण एका कडेने चिकटून उघडे राहिले होते आणि आत कोषाचे रिकामे कातडे व भुकटी उरली होती. पूर्ण वाढलेल्या पाखराला कुरतडण्यासाठी जबडा नसतो, म्हणून त्याची बाहेर पडण्याची वाट अळीलाच आधी करून ठेवावी लागते.

हा पतंग सायटोट्रोगा सीरिअलेला या नावाने ओळखला जातो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी आणि साठवणीच्या बटाट्यातील अळी ज्या कुळातील आहेत, त्याच कुळातील हाही आहे. पंख मिटून बसलेला असताना तो जेमतेम पाऊण सेंटिमीटरचा असतो आणि पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत १० ते १८ मिलिमीटर भरतो. रंग वाळलेल्या काडाचा, किंचित चकाकणारा, पुढच्या पंखांवर क्वचित बारीक काळसर ठिपके. खात्रीची खूण मागच्या पंखांत आहे. त्यांचे टोक एकाएकी निमुळते होऊन बोटासारखे पुढे आलेले असते आणि कडेला पंखाच्या रुंदीहूनही लांब अशी केसांची झालर असते. हे भिंगाशिवाय नीट दिसत नाही. पण घरातील दुसऱ्या एखाद्या पाखराशी गल्लत होऊ नये म्हणून एकदा पाहून ठेवण्यासारखे आहे.

त्याचा दिनक्रम सांजवेळी सुरू होतो. दिवसा तो पोत्यांच्या सांदीत किंवा तुळईच्या सावलीत बसून राहतो आणि कोणी पोते हलवले तरच उडतो. मादी दाण्यांच्या फटीत, कणसातील तुसांच्या आड किंवा पोत्याच्या विणीत अंडी घालते. परिस्थितीनुसार ही संख्या चाळीसपासून तीनशेच्याही पुढे जाते. अंडे घातल्यावर पांढरे असते आणि दोनतीन दिवसांत लालसर होते. त्यातून निघालेली अळी केसाच्या जाडीची असते, ती दाण्याचा एखादा मऊ कोपरा शोधून आत शिरते आणि त्यानंतर पाखरू होईपर्यंत तो दाणा सोडत नाही. ज्वारीच्या एका दाण्यात साधारणपणे एकच अळी वाढते, मक्याच्या मोठ्या दाण्यात मात्र दोनतीनही सापडतात. उबदार हवेत अंड्यापासून पाखरापर्यंत चार ते पाच आठवडे लागतात. पाखराचे आयुष्य पंधरवड्याच्या आतबाहेर असते आणि त्या अवधीत ते धान्याला तोंडही लावत नाही.

आता आपला हिशेब मांडून पाहा. फाल्गुनात भरलेल्या पोत्यात थोड्याशाच अळ्या असल्या, तरी मृगापर्यंत दोनतीन पिढ्या सहज होतात. पहिल्या पिढीची पाच-पंचवीस पाखरे कोणाच्या लक्षात येत नाहीत. पुढे वळिवाने हवेत दमटपणा आला की संख्या वाढते आणि मगच आपण पोते उघडतो. आपण घातलेला निंबाचा पाला फार तर बाहेरून येणाऱ्या मादीला थोडा नकोसा वाटेल. दाण्याच्या आत बसलेल्या अळीपर्यंत त्याचा परिणाम पोचत नाही.

हे पाखरू कोठकोठे आढळते, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांत जेथे जेथे तृणधान्य साठवतात तेथे ते आहे, धान्याच्या व्यापाराबरोबरच ते जगभर पोचले आहे. कडक हिवाळ्याच्या देशांत ते उघड्या शेतात तग धरत नाही, कोठारापुरते राहते. दख्खनच्या पठारावर त्याला तशी अडचण नाही. थंडीत वाढ मंदावते, पण खंडत नाही. तीस अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान आणि दमट हवा त्याला सर्वांत मानवते. आपल्याच जिल्ह्यात माण-खटावकडे ते शाळूत सापडते आणि पाटण-जावळीकडे तेच भाताच्या कणगीत सापडते. भातात ते तुसाच्या दोन फाकांमधील फटीतून आत जाते, म्हणून ज्या वाणाचे तूस घट्ट मिटलेले असते त्याला ते कमी लागते. सडीक, पॉलिश केलेल्या तांदळात त्याचे फारसे चालत नाही. तेथील जाळी करणारी अळी निराळी, तिच्याविषयी पुढे येईल.

शेतापासून कोठारापर्यंतचा त्याचा प्रवास नवा शोध नाही. फ्रान्समधील आंगूमुआ प्रांतात अठराव्या शतकात गव्हाचे या पाखराने इतके नुकसान केले की इंग्रजीत त्याला आजही त्या प्रांताच्याच नावाने ओळखतात. रेओम्यूर या निसर्ग-अभ्यासकाने १७३६ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे १७६० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने द्युआमेल आणि तिये या दोघा सदस्यांना त्या प्रांतात पाठवले. कोठारात निघालेली पाखरे शेतातील ओंब्यांवर जाऊन अंडी घालतात, ही गोष्ट त्यांनी नोंदवली आणि धान्य भट्टीत तापवून अळी मारण्याचा उपाय सुचवला. शास्त्रीय नाव मात्र १७८९ मध्ये ऑलिव्हिए याने दिले. मला यात विशेष वाटते ते हे की अडीचशे वर्षांपूर्वीही लोकांची पहिली तक्रार आपल्यासारखीच होती, पाखरे आली कोठून?

उपायाचा खरा काळ मळणीच्या आगेमागे पंधरा दिवसांचा असतो. कणसे मोडून खळ्यावर ढीग लावून दिवसेंदिवस ठेवू नयेत, कारण त्या ढिगावर संध्याकाळी मादीला अंडी घालायला मोकळे रान मिळते. मळणी लवकर करावी आणि दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत, म्हणजे ओलावा सुमारे दहा टक्क्यांवर येईपर्यंत, वाळवावा. चार दिवसांची ऊन्हे पुरली की नाही हे दिवस मोजून ठरवू नये, दाणा चावून ठरवावे. तळवटावर पातळ थर पसरून वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि त्याच्या कडा दाबल्या तर वैशाखाच्या उन्हात आतील उष्णता पन्नास अंशांच्या वर जाते आणि काही तासांत दाण्यातील अळ्याही मरतात. हे खाण्याच्या ज्वारीपुरते ठीक आहे. बियाण्याची ज्वारी अशी तापवू नये, उगवण बिघडेल.

नवी ज्वारी भरण्यापूर्वी गेल्या वर्षीची उरलेली पोती त्या खोलीतून हलवावीत. आपण पोती नवी घेतलीत, पण त्याच खोलीत कोपऱ्यात जुन्या मक्याची कणसे टांगलेली होती असे आपल्याच पत्रात लिहिले आहे, आणि पोती भरताना तेथूनच अंडी आली असावीत, असा माझा अर्धा संशय आहे. साठवण शक्यतो पत्र्याच्या कोठीत करावी, कोठी काठोकाठ भरावी आणि झाकण घट्ट लावावे. हे पाखरू नाजूक असल्याने दाबून भरलेल्या धान्यात ते खोलवर जाऊ शकत नाही, आणि खोलवर निघाले तर वर येऊ शकत नाही. त्याचा सगळा उपद्रव वरच्या वीतभर थरात चालतो. म्हणून सोंडे झाले असता धान्य उपसून, चाळून, पुन्हा भरण्याची जी आपली रीत आहे ती येथे उलट अपाय करते, कारण उपसण्याने खालचे धान्य वर येते आणि नव्या पिढीला नवा थर मिळतो. वरचा थर काढून आधी दळायला घ्यावा, उरलेल्यावर बारीक चाळलेल्या कोरड्या राखेचा दोन बोटे थर द्यावा आणि कोठी पुन्हा बंद करावी.

एका गोष्टीचा इशारा देणे भाग आहे. बाजारात मिळणाऱ्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या काही घरांत राजरोस पोत्यात टाकतात आणि त्याच खोलीत माणसे झोपतात. हवेतील ओलाव्याने त्या गोळीतून निघणारा वायू अळीला मारतो तसाच माणसालाही मारतो. हे काम राहत्या घरात करण्याचे नाही. प्रशिक्षित माणसाने मोकळ्या गोदामात करायचे आहे.

प्रश्न : पाखरू लागलेल्या ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या तर अपाय होतो काय? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : विषारी असे त्यात काही नाही. दाण्यातील पीठ अळीने खाल्लेले असते, अर्धाअधिक दाणा पोकळ असतो, त्यामुळे पीठ कमी पडते, भाकरीला चिरा जातात आणि वास लागतो. ज्यांना धुळीचा दमा आहे त्यांनी पाखडताना उडणाऱ्या पंखांच्या भुकटीपासून दूर बसावे. मूठभर दाणे पाण्यात टाकून पाहा. तरंगणारे दाणे फारच असतील तर ती ज्वारी कोंबड्यांना घालणे बरे.

प्रश्न : आमचे आजोबा सांगत की पेवातील (जमिनीत खणलेल्या कोठारातील) ज्वारीला पाखरू लागत नसे. हे खरे आहे की जुन्या माणसांचे जुन्याविषयीचे कौतुक? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : खरे आहे, आणि त्याचे कारण पेवाच्या हवेत आहे. पेव भरून तोंड मातीने लिंपले की आतील दाणे, कीटक आणि बुरशी सगळेच श्वसन करतात. प्राणवायू झपाट्याने घटतो, कर्बवायू वाढतो, आणि पाखराला अंडी घालण्याइतकी हालचालही उरत नाही. दाण्यातील अळी त्याच हवेत गुदमरते. एरवी वरच्या थरात जगणाऱ्या या पाखराला पेवात वरचा थरही मोकळा मिळत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तत्त्व नेमके हेच आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे हळदीसाठी प्रसिद्ध होती, त्यांतील बरीच २००५ च्या महापुरात निकामी झाली. ज्वारीची पेवे गावोगाव, पांढरीच्या कोरड्या जमिनीत असत. तोटे आजोबांनी बहुधा सांगितले नसावेत : भिंतीलगतची ज्वारी काळवंडे, तिला आंबूस कुबट वास येई आणि तिची उगवण कमी होत असे, म्हणून बियाणे पेवात ठेवत नसत. पेव उघडल्यावर काही वेळ तसेच ठेवून, नंतर पेटता कंदील दोरीने आत सोडून पाहण्याची पद्धत होती. कंदील विझला तर माणूस उतरवत नसत. ज्या हवेने पाखरू मरते तिनेच घाईने उतरलेली माणसेही मेलेली आहेत.

प्रश्न : पाखरू लागलेला शाळू चाळून पोत्यांत भरला. दुसऱ्या दिवशी माझ्या आणि जावेच्या हातांवर, मानेवर आणि कमरेच्या पट्ट्यावर लाल, भयंकर खाजणाऱ्या गांधी उठल्या. पाखरू चावते काय? (एक वाचक, जत)

उत्तर : पाखरू चावत नाही, पण आपला संशय योग्य दिशेने आहे. या पाखराच्या अळीवर पायमोटिस नावाची एक कोळीवर्गीय सूक्ष्म कीड जगते. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. अळी सापडली की ती तिला चिकटते, तिचा रस शोषते आणि अंड्यांनी भरलेले तिचे पोट फुगून एखाद्या इवल्या मोत्यासारखे होते. त्यातून पिल्ले थेट जन्माला येतात. अळ्या संपल्या किंवा धान्य हलवले की ही कीड जे अंग समोर येईल त्याला डसते आणि माणसाला डसली की तशा गांधी उठतात. कपडा जेथे अंगाला घट्ट बसतो तेथे त्या जास्त दिसतात, म्हणून कमरेचा पट्टा.

ती कातडीत शिरून राहत नाही आणि माणसाच्या अंगावर वाढतही नाही, त्यामुळे ही खरूज नव्हे आणि एकापासून दुसऱ्याला लागत नाही. साबणाने अंघोळ करावी, त्या दिवशीचे कपडे गरम पाण्यात धुवावेत. खाज बहुतेकदा आठवड्यात जाते. ताप आला किंवा गांधी पिकल्या तर डॉक्टरांना दाखवावे आणि धान्य चाळल्याचे आवर्जून सांगावे, म्हणजे औषध भलत्या दिशेने जाणार नाही. उरलेली पोती हाताळताना लांब बाह्यांचा सदरा घालावा. एका अर्थाने ही कीड आपल्या बाजूची आहे, कारण ती पाखराच्या अळ्या संपवते. पण तिच्यावर भरवसा ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : उसावरील खोडकिडीसाठी आम्ही ट्रायकोकार्ड वापरतो. ती जेथे तयार होतात त्या प्रयोगशाळेत गेलो असता तेथे भरड ज्वारीच्या ट्रेमध्ये मुद्दाम पाखरे वाढवत असल्याचे पाहून चकित झालो. घरात ज्याला मारतो त्याला तेथे पोसतात, हा काय प्रकार? (एक ऊस उत्पादक, वाळवा)

उत्तर : आपण पाहिलेले पाखरू हे शाळूचे नव्हे. ते कॉर्सिरा, म्हणजे तांदळात जाळी करणारे पाखरू. ते आकाराने मोठे, राखाडी तपकिरी असते आणि त्याची अळी दाण्याच्या आत न राहता दाणे रेशमी धाग्याने एकमेकांना चिकटवून त्या जाळीत फिरत खाते. म्हणूनच तिला भरडलेली ज्वारी चालते, आणि शाळूच्या पाखराला अख्खा दाणाच लागतो. भरड ज्वारी ट्रेमध्ये घालण्यापूर्वी भट्टीत तापवून घेतात, ती बऱ्याच अंशी या दुसऱ्या पाहुण्यांना बाहेर ठेवण्यासाठीच.

कॉर्सिराची अंडी गोळा करून अतिनील प्रकाशाखाली धरतात, त्यामुळे त्यांतील जीव मरतो पण अंडे टिकते. मग ती कागदावर चिकटवून ट्रायकोग्रामा या अतिसूक्ष्म गांधीलमाशीसमोर ठेवतात. ती प्रत्येक अंड्यात आपले अंडे घालते आणि तीनचार दिवसांत अंडी काळी पडतात. आपल्या हाती येणाऱ्या कार्डावरचे काळे ठिपके ते हेच, एका कार्डावर वीस हजारांच्या आसपास. शेतात पाल्याखाली टाचलेल्या तुकड्यातून निघालेल्या गांधीलमाश्या उसावरील खोडकिडीच्या पतंगाची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालतात.

परदेशांत या कामासाठी शाळूच्या पाखराचाही उपयोग झाला आहे. कॅलिफोर्नियात फ्लँडर्स या कीटकशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस ट्रायकोग्रामा मोठ्या प्रमाणावर वाढवली ती याच सायटोट्रोगाच्या अंड्यांवर. आपल्याकडे कॉर्सिरा रुळला. कार्ड घेताना ठिपके काळे आहेत आणि त्यांतून माश्या अजून निघालेल्या नाहीत एवढे पाहा, उन्हे उतरल्यावर सायंकाळी लावा, आणि लावल्यानंतर काही दिवस त्या फडात कीटकनाशक फवारू नका.